बाकं शाळेत, बिल टेबलावर

सरकारला माल विकणं फारसं अवघड नाही. तो मिळाला असं सरकारकडून लिहून घेणं, तिथे खरी कसोटी लागते. माझं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. पाइप कटिंग, वेल्डिंग, बाहेरून पावडर कोटिंग करून आणायचं आणि वर प्लायच्या फळ्या बसवायच्या. शाळेचे ड्युअल डेस्क, म्हणजे दोन मुलांचं जोडबाक, हा आमचा मुख्य माल. खासगी शाळांना वर्षानुवर्षं देत आलो. २०२३ च्या दिवाळीनंतर एका जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळांसाठीची निविदा निघाली आणि मी ती भरली.

जिल्हा परिषदेचं नाव देत नाही, कारण त्या कार्यालयात मला एकही वाईट माणूस भेटला नाही. ही हकीकत कुणालाही सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती द्यावे लागले?' काहीच नाही. कुणी मागितले नाहीत, कुणी सुचवलंही नाही. चहासुद्धा बहुतेक वेळा त्यांनीच पाजला. आणि तरीही बिल निघायला जो वेळ लागला तो लागलाच. पैसे खाल्ल्यामुळे काम अडतं हे आपल्याला पाठ आहे. कुणीही न खाता ते कसं अडतं, हे मी जवळून पाहिलं.

निविदा जेमवर होती. जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, केंद्राने २०१६ मध्ये सुरू केलेलं खरेदीचं पोर्टल. त्याआधी केंद्रीय खात्यांचे दरकरार एक स्वतंत्र महासंचालनालय करायचं, ते २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं. राज्यातही १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका नव्याने आली आणि पुढे राज्यातली कार्यालयंही जेमवर आली. पूर्वी अशा खरेदीची जाहिरात कुठल्यातरी कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रात यायची आणि फॉर्म विकत घ्यायला गेलं की 'संपले' असं उत्तर मिळायचं. आता पॅन, जीएसटी, बँक खातं आणि आमच्यासारख्यांची उद्यम नोंदणी एवढ्यावर घरबसल्या विक्रेता होता येतं. पोर्टलला नावं ठेवणारे खूप आहेत, मी त्यातला नाही. माझ्यासारख्याला त्या दारात उभं राहता आलं ते पोर्टलमुळेच.

बिडची, म्हणजे निविदेची, कागदपत्रं मात्र माणसंच तयार करतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे, तशी उलाढाल आणि अनुभवाच्या अटीतूनही सूट देता येते. पण ही दुसरी सूट द्यायची की नाही हे खरेदीदार ठरवतो. बिडमध्ये तसा एक रकाना असतो, 'हो' किंवा 'नाही'. छोटा उद्योजक सगळ्यात आधी तोच रकाना बघतो. तिथे 'नाही' दिसलं की पुढची पानं वाचायची गरज नसते. आमच्या बिडमध्ये 'हो' होतं.

मग तपशील वाचायला घेतले. पहिली ते सातवीपर्यंत सगळ्या वर्गांना एकाच मापाचं बाक मागितलं होतं आणि बैठकीची उंची सोळा इंच. सातवीच्या मुलाला ती चालते. सहा वर्षांच्या पोराला बारा इंच पुरतात. सोळा इंचांवर बसवलं तर पाय जमिनीला टेकतच नाहीत. हे तपशील कुठून तरी उचलून चिकटवलेले होते हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती. वॉरंटीच्या कलमात 'स्क्रीन' आणि 'की-बोर्ड' हे शब्द तसेच राहून गेले होते. लोखंडी बाकाच्या की-बोर्डची एक वर्षाची हमी द्यायला मी आनंदाने तयार होतो.

बिडबद्दल हरकत नोंदवायची सोय असते. मी दोन मापं सुचवली, पहिली ते चौथीसाठी एक आणि पुढच्यांसाठी दुसरं. खर्चात फरक नव्हता, लहान बाकाला उलट पाइप कमी लागतो. उत्तर आलं, बिडमधील अटी अंतिम आहेत. नंतर ओळख झाल्यावर शिक्षण विभागातल्या भाऊसाहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तपशील तांत्रिक समितीने मंजूर केलेले. बदलायचे तर परत समिती बसवायची, परत मंजुरी, परत बिड. तोवर निधी परत जाईल. मग बाकंच नाहीत." माणूस खोटं बोलत नव्हता. सोळा इंचांचं बाक की काहीच नाही, असाच हिशेब त्यांच्यापुढे होता.

दरासाठी रिव्हर्स ऑक्शन होतं. ज्यांनी अनुभवलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांत्रिक तपासणीत पास झालेले विक्रेते एका ठरावीक वेळेत आपापले दर उतरवत जातात. समोर कोण आहे ते दिसत नाही, सगळ्यात कमी दर तेवढा दिसतो. शेवटच्या क्षणी कुणी उतरला की वेळ आपोआप वाढते. माझा मुलगा लॅपटॉपवर आणि मी शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन. पाइप अठरा गेजचा, पावडर कोटिंगचा दर ठरलेला, प्लायचा ठरलेला, वाहतूक अंदाजे. यातला कमी करण्यासारखा एकच आकडा असतो, आपला नफा. तो संपला की पुढचं उतरणं गेजमधून येतं. अठरा गेजचा पत्रा १.२ मिलिमीटर जाड, वीस गेजचा एकाला थोडा कमी. रंग लागल्यावर डोळ्यांना कळत नाही. दोन पावसाळे गेले की वेल्डिंगच्या शेजारी वाकलेला पाय सांगतो.

मी अठरावरच राहिलो आणि तरीही एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, आलो. बाकीचे आधी थांबले. ते का थांबले हे मला वर्षभराने कळलं. त्यांच्या दरात पैसे उशिरा येण्याचं व्याज धरलेलं होतं.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात घाईघाईने ऑर्डर निघाली. कारण उघड होतं, लोकसभेची आचारसंहिता. ती १६ मार्च २०२४ ला लागली. त्याआधीच्या दिवसांत सरकारी कार्यालयात जी लगबग असते ती पाहिली की वाटतं, हीच माणसं, हीच टेबलं, मग एरवी काय होतं? वर्षभर न हललेल्या फायली त्या आठवड्यात संध्याकाळी सातलाही सही होऊन येत होत्या. परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम पुरं करू याची बँकेची हमी, द्यायची होती. बँकेने तेवढ्याच रकमेची मुदत ठेव आधी ठेवायला सांगितली. म्हणजे माल बनवायला भांडवल हवं त्याच वेळी त्यातला एक हिस्सा बँकेत अडकला. हा नियम मला मान्य आहे, नाहीतर अर्धवट सोडून पळणारे कमी नाहीत.

नमुना तपासणीचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. समितीत शिक्षण विभागाचे अधिकारी, वित्त विभागातून एक मॅडम आणि बांधकाम विभागाचे शाखा अभियंता. नमुन्याचं बाक टेबलाशेजारी ठेवलेलं. अभियंता साहेबांनी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, पाइपच्या कापलेल्या तोंडाला लावला आणि वाचलं, १.२८.

मॅडम म्हणाल्या, "मंजूर तपशिलात १.२ आहे."

मी म्हटलं, "मॅडम, जास्त आहे, कमी नाही. वर पावडरचा थर आहे, कडेला तो थोडा जाड बसतो."

"जास्त आहे ते दिसतंय मला. पण जुळत नाही ना. उद्या ऑडिटने विचारलं, मंजूर एक आणि घेतलं दुसरंच, तर उत्तर मी द्यायचं."

कुणी हसलं नाही. शेवटी मी गाडीतून कानस आणली आणि समितीसमोर पाइपच्या तोंडाचा रंग घासून काढला. १.२२. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. अभियंता साहेबांनी अहवालात लिहिलं, 'लेप काढून मोजमाप घेतले असता तपशिलाशी सुसंगत.' मला तेव्हा ही गंमत वाटली होती. आता वाटत नाही. त्या बाई चुकीच्या नव्हत्या. त्यांना असल्या फरकांबद्दल खरंच लेखी विचारणा झालेल्या होत्या, आणि त्या विचारणांना 'जास्त दिलं, कमी नाही' असं उत्तर चालत नाही.

माल एप्रिलच्या शेवटी तयार झाला. ऑर्डरला शाळांची यादी जोडलेली होती, तालुकेच्या तालुके पसरलेली. पोर्टलवर मात्र माल घेणारा म्हणून एकच नाव होतं, मुख्यालयातल्या एका कर्मचाऱ्याचं. माल पोचायचा वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत आणि मिळाल्याचं प्रमाणपत्र द्यायचं जिल्ह्याच्या गावी बसलेल्या माणसाने, ज्याने तो माल पाहिलेलाच नाही. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ इथे होतं. जेमवर एका ऑर्डरला अनेक ठिकाणचे माल घेणारे जोडता येतात. तसं केलं असतं तर प्रत्येक शाळेची पोच वेगळी नोंदली गेली असती. पण त्यासाठी तेवढी नावं पोर्टलवर भरावी लागतात, आणि आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात ते करायला कुणाला सवड होती?

महाराष्ट्रात त्या वर्षी मतदान १९ एप्रिल ते २० मे, पाच टप्प्यांत होतं. गुरुजी लोक निवडणुकीच्या ड्युटीवर. ते संपतंय तोवर उन्हाळ्याची सुट्टी. ट्रक शाळेच्या दाराशी उभा आणि शाळेला कुलूप. किल्ली कधी शेजारच्या घरी, कधी सरपंचांकडे, कधी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे. त्या ताई आणि त्यांचा मुलगा मिळून ड्रायव्हरला बाकं आत लावू लागायचे, मोजून घ्यायचे आणि चलनावर सही करायचे. एका ठिकाणी ताईंनी सहीखाली स्वतःहून लिहिलं होतं, 'बाकं मिळाली, चांगली आहेत, एकाचा स्क्रू नाही.' माझ्या मते त्या अख्ख्या खरेदीतला सगळ्यात नेमका स्वीकृती अहवाल तोच.

तो अर्थातच चालला नाही. मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का हवा. इतकंच नाही, 'साहित्य सुस्थितीत प्राप्त झाले असून डेड स्टॉक रजिस्टरच्या पान क्रमांक अमुकवर, अनुक्रमांक तमुकवर नोंद घेतली आहे' असं प्रमाणपत्र हवं. डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. ही अट जुनी आहे आणि योग्य आहे. रजिस्टरला नोंदच नसेल तर उद्या बाकं गायब झाली तरी कळणार नाही. पण शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, म्हणजे तोवर एकही प्रमाणपत्र नाही. जेमचा नियम सांगतो, माल मिळाल्यावर दहा दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र द्या आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. हे दहा दिवस कुलूपबंद शाळांच्या दारात केव्हाच संपले होते.

जून उजाडला. मी केंद्रप्रमुखांना धरलं. एका केंद्रप्रमुखांकडे दहा-बारा शाळा असतात, ते बैठकीला सगळ्या मुख्याध्यापकांना बोलावतात, तिथे कागद गोळा होतात. बहुतेकांनी मनापासून मदत केली. काही शाळांत मुख्याध्यापकांची बदली झालेली, नव्यांनी पदभार घेतलेला पण डेड स्टॉकचा नाही. "जुन्या सरांनी रजिस्टर मोजून दिल्याशिवाय मी त्यात नवीन ओळ कशी लिहू?" हाही प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. ढीगभर प्रमाणपत्रं घेऊन मी मुख्यालयात गेलो. वित्त विभागाने ती परत केली, कारण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिलं होतं आणि नमुना एकसारखा नव्हता. नमुना कोणता, तर तो ठरलेला नव्हता. मग ठरला. मग पुन्हा केंद्रप्रमुख, पुन्हा बैठका, पुन्हा सह्या.

अशी कामं घेणाऱ्यांना सांगून ठेवतो. ऑर्डर हातात पडली की पहिल्या आठवड्यात बिलाला काय काय जोडायचं याची यादी आणि प्रमाणपत्राचा नमुना लेखी मागा. तोंडी सांगतील, पण लेखी घ्या. आणि प्रत्येक शाळेचं ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, चलन आणि जमल्यास बाकं उतरवतानाचा तारखेसकट फोटो एका फाइलमध्ये ठेवा. याच कागदांनी मला पुढे वाचवलं.

बिल एकदाचं वित्त विभागात गेलं आणि तिथे विलंब दंडाचा मुद्दा निघाला. करारात मुदतीनंतर दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के, असा दंड असतो. माल पोचला मे महिन्यात, मुदतीच्या आत. पण प्रमाणपत्रांवरच्या तारखा जून-जुलैच्या. त्यांनी प्रमाणपत्राची तारीख हीच पुरवठ्याची तारीख धरली. म्हणजे शाळेला कुलूप होतं त्याचाही दंड माझ्याकडूनच. दहा टक्के म्हणजे माझ्या अख्ख्या नफ्याहून मोठी रक्कम. ई-वे बिलं आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या लावून अर्ज दिला. त्यावर निर्णय कोण घेणार यावरच फाइल शिक्षण आणि वित्त विभागात टोलवली जात राहिली.

मधल्या काळात जीएसटी. बीजक मे महिन्याचं, म्हणून त्यावरचा कर २० जूनच्या रिटर्नला भरला. लोखंडी फर्निचरला १८ टक्के. खरेदीवर आधीच भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाऊनही रोख बरीच गेली. सरकारने मला एक रुपया दिलेला नव्हता आणि त्याच विक्रीवरचा कर मी सरकारला देऊन मोकळा झालो होतो. शिवाय अडीच लाखांवरच्या करारात सरकारी कार्यालय पैसे देताना दोन टक्के जीएसटी कापून घेतं, ते नंतर आपल्या खात्यात जमा दिसतात. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज रोज चालू. कामगारांचे पगार तर थांबवता येत नाहीत.

कुणी म्हणेल, कायदा आहे की. आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ नुसार लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांची तक्रार तेव्हा केंद्राच्या समाधान पोर्टलवर करता यायची, ती असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जायची, आणि निकाल विरोधात गेला तर त्याला आव्हान देण्याआधी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर याहून कडक तरतूद काय हवी? २०२४ पासून तर आयकर कायद्यात नवीन कलम आलं, लघुउद्योजकांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत. खासगी गिऱ्हाइकं त्यानंतर मार्चमध्ये आपणहून फोन करायला लागली. जिल्हा परिषद आयकर भरत नाही. तिला त्या कलमाचं काय?

मी कलम १५ चा उल्लेख करून एक साधं पत्र दिलं. तक्रार नाही, फक्त आठवण. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. "शेठ, कोर्टाची भाषा कशाला? आता हे पत्र आलं म्हणजे विधी सल्लागारांकडे पाठवावं लागेल." आणि खरंच, ते पत्र फायलीत लागल्यावर फाइल अभिप्रायासाठी आणखी एका टेबलावर गेली. समाधान पोर्टलवर तक्रार करायची म्हटलं तर काय होईल याचा अंदाज आला. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून तो विचार सोडला. याचा मला अजून राग आहे, थोडा स्वतःवरही. पण ज्यांच्या सहीवर पैसे अडलेत त्यांच्याच विरोधात तक्रार करायची, हे कायद्याच्या पुस्तकात जितकं सोपं दिसतं तितकं ते वर्कशॉपमध्ये बसून वाटत नाही.

त्यापेक्षा एक साधा उपाय कामाला आला. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघता येतात. राज्य सरकारनेच २०१८ मध्ये तसा निर्णय काढलेला आहे. फार कमी लोक जातात. मी एका सोमवारी गेलो आणि माझीच फाइल मागितली. थोडी चुळबुळ झाली, पण दिली.

टिपणीची हिरवट पानं एकामागून एक वाचत गेलो. माझ्याबद्दल कुठेही वाईट शब्द नव्हता. फाइल कुणी दडवून ठेवलेली नव्हती, कुठल्या टेबलावर महिनोन्महिने झोपलेलीही नव्हती. ती सारखी फिरत होती. 'बाब तपासून फेरसादर करावी.' 'वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत.' 'अभिप्राय पृष्ठ अमुकवर, कृपया अवलोकन व्हावे.' 'चर्चा करावी.' 'चर्चा केली, नियमानुसार कार्यवाही करावी.' दंड लावा असं कुणी लिहिलं नव्हतं. दंड लावू नका असंही कुणी लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने आपलं काम वेळेत केलं होतं आणि निर्णय पुढच्याकडे सरकवला होता.

त्यानंतर मी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना भेटायची वेळ मागितली. कॅफो साहेब निवृत्तीला आलेले, शांत बोलणारे. त्यांनी माझ्या पावत्या नीट पाहिल्या आणि जे सांगितलं ते मला त्याआधी कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. "हे बघा, तुमचं बिल उशिरा दिलं म्हणून आजवर मला कुणी नोटीस काढलेली नाही. चुकीचं दिलं तर स्थानिक निधी लेखापरीक्षा आक्षेपाचा परिच्छेद काढते. तो पंचायत राज समितीपुढे जातो. मी निवृत्त झालो तरी माझ्या नावावर वसुली लागू शकते, पेन्शन अडकते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी उत्तर दिलं नाही. प्रामाणिक माणूस तिथे जास्त हळू चालतो, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडेच असतं. चुकीच्या पैशाला नाव चिकटतं, उशिराच्या पैशाला कुणाचंच चिकटत नाही. कलम १६ चं व्याज कुणी तक्रार न करता आपोआप बिलात लागलं असतं आणि तेही लेखापरीक्षेत कुणाच्या तरी नावाने विचारलं गेलं असतं, तर माझी फाइल इतकी फिरलीच नसती असं मला वाटतं. स्वस्तातला दर निवडणं याच भीतीतून येतं. सगळ्यात कमी दरवाल्याला काम दिलं म्हणून आजवर कुणाची चौकशी झाल्याचं ऐकलंय? थोडा महाग पण चांगला घेतला तर चौकशी नक्की. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये काही प्रकारच्या खरेदीत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा दिली. पण मुभा वापरायची तर कुणीतरी स्वतःच्या सहीने वापरायची असते.

कॅफो साहेबांनी मार्ग काढला. ट्रान्सपोर्टच्या पावतीची तारीख आणि मुख्याध्यापकांचं 'साहित्य सुट्टीच्या काळात प्राप्त झाले होते' असं पूरक पत्र, दोन्ही असेल तिथे दंड नाही. पत्र नसेल तिथे दंड. बहुतेक शाळांनी दिलं. काहींनी दिलं नाही, तेवढा कापला गेला. तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. झालेल्या कामाच्या बिलाला आचारसंहितेचा अडसर नसतो हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. पण 'आत्ता नको, निवडणूक होऊ द्या' या वाक्याला कुणी हरकत घेत नाही. नव्या वर्षी संक्रांत उलटल्यावर पैसे खात्यात आले. व्याज मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही.

मध्ये एकदा प्रमाणपत्राच्या निमित्ताने एका शाळेत गेलो होतो. आपली बाकं लागलेली पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पहिलीच्या वर्गात बाईंनी पुढच्या रांगेतल्या मुलांच्या पायांखाली विटा मांडल्या होत्या. "लोंबकळून पायाला मुंग्या येतात हो त्यांच्या, मग चुळबुळ करतात." विटा मापात होत्या, जवळजवळ चार इंचांच्या.

यंदा त्याच विभागाची पुन्हा निविदा आली. बैठकीची उंची सोळा इंच. की-बोर्ड तेवढा काढलेला. मी या खेपेला दरात आठ-नऊ महिन्यांचं व्याज, कागद गोळा करण्याचा खर्च आणि थोडा संभाव्य दंड धरला. एल-थ्री आलो. एल-वन जो आला त्याचा स्वतःच्या नावाचा ब्रँड आहे, वर्कशॉप नाही. पैसे वर्षभर अडकले तरी चालेल एवढं भांडवल मात्र आहे.

ऑर्डर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. बाकं जॉबवर्कला बनवून द्याल का? निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना, शाळा-बिशा तुम्ही बघायची गरज नाही. मी गेज विचारला. तो म्हणाला, "नमुना अठराचा करू. बाकी तुम्ही बघून घ्या, दरात बसलं पाहिजे." मी अख्ख्या मालाचा अठरा गेजचा दर लिहून पाठवला. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.